हो-चंक लोकांचा खड्ड्यातला मका आपल्याकडे जमेल का?

पेणचं_मडकं: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले हो-चंक हे मूळनिवासी लोक कोवळा मका खड्ड्यात वाफवून वर्षभरासाठी वाळवतात. ही आपली पोपटीच झाली ना? अलिबागजवळच्या वाडीत शंभरेक कणसांचा घाट घालायचाय. जांभ्याचे चिरे पडून आहेत, ते तापवले तर चालतील? आणि काही ठिकाणी त्यांना विनेबागो म्हटलंय, ते लोक वेगळे का?

काळा_कातळ: आधी चिऱ्यांचं. अजिबात नको! जांभा पाणी पितो. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की चिरा फुटतो आणि कपच्या उडतात. ओढ्यातले गोटेही नकोत. उन्हात चांगला वाळलेला, भोकं नसलेला घट्ट काळा दगड घ्या, नारळाएवढा. शंभर कणसांना तीन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा पुरे. तळाशी दगडांचा एक थर लावून त्यावर तीन-चार तास जाळ. दगडावरची काजळी जळून तो परत स्वच्छ दिसला की तापला समजा. मग धुमसती लाकडं बाहेर काढा, नाहीतर मका धुरकट लागतो.

शिंपलीची_कड: पोपटी नव्हे. पोपटीत शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात स्वतःच्याच ओलाव्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिजतात, आणि लगेच खायच्या. इथे वरून पाणी ओतून रात्रभर वाफ द्यायची. उष्णतेने दाण्यातली साखर पिठात बदलायची थांबते, म्हणून वाळवलेला मकाही गोड राहतो.

तापल्या दगडांवर कणसांच्या हिरव्या सालांचा चार बोटं जाड थर. पातळ झाला तर खालची रांग करपते. त्यावर कणसं, परत सालं, वर माती. काठीने मातीत भोकं पाडून दगडांपर्यंत पाणी ओता आणि भोकं लगेच बुजवा. वाफ उसळते, तोंड लांब ठेवा.

सकाळी दाणे सुरीने कापू नका, अर्धा दाणा बुरखुंड्यातच राहतो नि दूध गळतं. एक ओळ चमच्याने उकरायची, मग बाकीच्या सरळ निघतात. हो-चंक बायका शिंपलाही वापरत. आपल्याकडे त्याला काय तोटा. कणीस निवडताना दाण्याला नख लावून बघा: दाट दूध हवं. पातळ असेल तर लगदा होतो.

वाळवण_मार्च: खरा घात वाळवताना होतो. भाद्रपदातला मका घेऊन बसलात तर खड्ड्यात पाणी आणि चटईवर बुरशी. विहिरीच्या पाण्यावरचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये दुधात येणारा मका धरा. एकेरी थर, संध्याकाळी घरात, नाहीतर दव पडतं. दाणा आक्रसून काचेसारखा झाला आणि दाताखाली कट्कन तुटला की झाला. बरणीत भरून आठवडाभर बघा; आतून काचेवर बाष्प दिसलं तर परत ऊन. आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या.

बाजारातलं स्वीट कॉर्न चिकट राहतं, मुंग्या लागतात. शंभर कणसांचे जेमतेम अडीच-तीन किलो उरतील. शिजवायच्या आदल्या रात्री भिजवा, मग दोन-तीन तास मंद आचेवर. तिकडे हरणाच्या मांसाबरोबर सूप करतात; इथे मटण किंवा कडवे वाल घाला.

काळा_कातळ: विनेबागोचं राहिलं. लोक तेच. ते नाव अल्गोंक्वियन भाषा बोलणाऱ्या शेजारच्या जमातींनी दिलेलं, अर्थ साधारण 'घाण पाण्याचे लोक'. विस्कॉन्सिनमधल्यांनी १९९४च्या घटनेत हो-चंक नेशन हे स्वतःचं नाव घेतलं. नेब्रास्कामधली जमात अजून विनेबागो म्हणवते. फूट पडली ती हुसकावण्यामुळे. अमेरिकी सरकारला जमीन देऊन टाकण्याच्या १८३७च्या करारावर सह्या करणाऱ्या हो-चंकांची समजूत होती की निघायला आठ वर्षं आहेत, कागदावर होते आठ महिने. मग आयोवा, मिनेसोटा, १८६३मध्ये डकोटातलं क्रो क्रीक, १८६५मध्ये नेब्रास्का. बरेच जण पुन्हा पुन्हा चालत विस्कॉन्सिनला परतले.

पेणचं_मडकं: चिरे रद्द. खालच्या थराला सालं कमी पडली तर केळीची पानं चालतील?

शिंपलीची_कड: चालतील, पण हिरवीच आणि तिप्पट जाड थर. वाळकं पान दगडावर पेट घेतं.