मान-खांदे पार आखडलेत, मसाज घ्यायचाय पण नक्की कुठला?

खुर्चीला_चिकटलेली

नमस्कार मंडळी, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचं काम आहे. मान आणि खांदे असे आखडलेत की संध्याकाळपर्यंत कोणी हाक मारली तर मान वळत नाही, अख्खं धड वळवावं लागतं. मान आणि उजवा खांदा जिथे मिळतात तिथे एक गाठ लागते हाताला, ती दाबली की कळ थेट कानामागे जाते. डॉक्टरांना दाखवून झालंय, एक्स-रे ठीक आहे, म्हणाले स्नायूंचं दुखणं आहे, बसायची पद्धत बदला, व्यायाम करा, हवा तर मसाज घेऊन बघा.

आता मसाज घेऊ म्हणून यादी बघायला बसले तर डोकंच गरगरलं. स्वीडिश, डीप टिश्यू, शियात्सू, थाई, अरोमाथेरपी, हॉट स्टोन, रिफ्लेक्सॉलॉजी, लिम्फॅटिक ड्रेनेज, आणि प्रत्येकापुढे तेच ते लिहिलेलं, ताण कमी होतो, रक्ताभिसरण सुधारतं, शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात. सगळ्यांनी सगळंच होतं तर मग एवढी नावं कशाला ठेवलीत? झोपेचीही बोंब आहे, आडवं झालं की डोक्यात कामाचं सुरू होतं. ज्यांनी घेतलाय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरा सांगा ना. आणि फार दुखतं का हो? मला दुखण्याची जाम भीती वाटते, हसू नका.

पाठीचा_कैवारी

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हेच बघतो, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

स्वीडिश म्हणजे बाकी बऱ्याच प्रकारांचा पाया समजा. तेल लावून लांब लांब हात फिरवायचे, मग स्नायू मळायचे, मध्ये गोलाकार घासणं, शेवटी हलक्या थापट्या. नाव स्वीडिश आणि श्रेय जातं स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांना, पण या स्ट्रोक्सची जी मांडणी आज शिकवतात ती डच डॉक्टर योहान मेझगर यांची, १९ व्या शतकातली. असो. दाब हलका ते मध्यम, पहिल्यांदा घेणाऱ्याला आणि ज्याला मुख्यतः सैल व्हायचंय त्याला हाच बरा.

डीप टिश्यू म्हणजे 'जोरात' असा लोकांचा समज आहे, आणि दुर्दैवाने काही करणाऱ्यांचाही. खरा डीप टिश्यू अगदी सावकाश चालतो, तेल कमी, बोटाची पेरं, कोपर किंवा हाताचा पुढचा भाग स्नायूवर टेकवायचा आणि वरचा थर सैल पडायची वाट बघत बघत आत जायचं. घाई केली की स्नायू उलट आवळून घेतो, मग नुसतीच मारामारी.

तुमची ती कानामागे कळ जाणारी गाठ मात्र वर्णनावरून ट्रिगर पॉइंट वाटते, म्हणजे स्नायूतली अशी आखडलेली जागा की दाबली तर कळ दुसरीकडेच जाते. मानेपासून खांद्यावर उतरणारा जो ट्रॅपिझियस स्नायू आहे ना, त्याच्या वरच्या भागातल्या ट्रिगर पॉइंटची कळ मानेच्या कडेने वर कानामागे आणि कधी कधी पार कानशिलापर्यंत जाते. असे कुठल्या स्नायूची कळ कुठे जाते याचे नकाशेच जॅनेट ट्रॅव्हेल यांनी काढून ठेवलेत, या बाई अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर होत्या. ट्रिगर पॉइंट नेमका काय असतो, आत काय घडतं, यावर अजून वाद आहेत. पण गाठीवर सोसेल इतका दाब देऊन अर्धा ते एक मिनिट तसंच थांबलं की कळ बऱ्याचदा ओसरते, एवढं आम्ही रोज बघतो.

थाई आणि शियात्सू दोन्ही अंगावर कपडे ठेवून, बिनतेलाचे, सहसा जमिनीवर गादी टाकून. थाईमध्ये समोरचा माणूस तुमचे हातपाय धरून ताणतो, वळवतो, म्हणजे व्यायाम तुमचा आणि मेहनत त्याची. युनेस्कोने २०१९ मध्ये त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलंय. शियात्सू जपानी, अंगठ्याने आणि तळव्याने दाब देत जायचं. त्यामागची ऊर्जेच्या वाहिन्यांची कल्पना शरीरशास्त्रात सापडत नाही, तरी दाबाने माणूस शांत होतो हे खरंच आहे.

लिम्फॅटिक ड्रेनेज सोडून द्या, तो तुमच्यासाठी नाही. एमिल आणि एस्ट्रिड वॉडर या डॅनिश जोडप्याने १९३० च्या दशकात तो विकसित केला, इतका हलका की नुसती त्वचा सरकते, आणि कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हाताला सूज येते तसल्या दुखण्यात इतर उपचारांच्या जोडीने वापरतात. रिफ्लेक्सॉलॉजीवाले तळपायावर लिव्हर न् किडनी दाखवतात त्याला पुरावा नाही, पण दमलेले पाय कोणी चोळून देत असेल तर नाही कोण म्हणेल!

तुमच्यासाठी माझं मत, स्वीडिशपासून सुरुवात आणि त्यातच गाठीवर थोडं ट्रिगर पॉइंटचं काम करून घ्या. छातीचे स्नायूही सैल करायला सांगा. खुर्चीत पुढे वाकून बसणाऱ्यांची छाती आखडते, सगळे पाठच रगडत बसतात.

सकाळचा_पळपुट्या

मी पळतो म्हणून स्पोर्ट्स मसाजचं सांगतो, वरच्या यादीत तो राहिलाच. लांब पळून आलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, जिना उतरताना आई आठवते, त्या दुखण्यावर मसाजने फरक पडतो, थोडा पण पडतो. पण 'लॅक्टिक ॲसिड बाहेर काढतो' असं जे सांगतात ते खोटं आहे, व्यायामानंतर साधारण तासाभरात ते शरीर स्वतःच निपटून टाकतं, दोन दिवसांनी दुखतं ते त्याच्यामुळे नाहीच, स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झालेली असते म्हणून. आणि रेसच्या आदल्या दिवशी डीप टिश्यू अजिबात नको, पाय जड होतात. आदल्या दिवशी हलकं, बस्स.

पुरावा_दाखवा

सगळं ऐकायला छान आहे पण जरा पाय जमिनीवर राहू द्या. विषारी द्रव्यं बाहेर टाकायचं काम लिव्हर आणि किडन्या करतात, पाठ रगडून त्यांचा स्पीड वाढत नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, तिचा कंबरदुखीवरच्या मसाजचा आढावा २०१५ मध्ये आला होता, २५ चाचण्या बघितल्या त्यांनी, निष्कर्ष काय तर थोड्या काळापुरता आराम दिसतो पण पुरावा इतका कच्चा की खात्रीने काही सांगता येत नाही. कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, धडाधड उतरतं असं जिथे तिथे लिहितात, त्यावरचे अभ्यास एकत्र करून बघितले तर परिणाम अगदीच किरकोळ निघाला. घ्या की मसाज, मी नको म्हणत नाहीये, पण 'उपचार' म्हणून पैसे मोजताना हे माहीत असू द्या.

पाठीचा_कैवारी

@पुरावा_दाखवा विषारी द्रव्यांबद्दल शंभर टक्के सहमत, तो शब्द दिसला की मी पान उलटतो. पण दुसरी बाजूही सांगा ना. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी शेक, मसाज असले उपाय करून बघा असंच म्हटलंय, मसाजचा पुरावा कमी दर्जाचा हे मान्य करून. आराम थोड्या काळाचा असतो हे मीही पेशंटला पहिल्याच दिवशी सांगतो. पण तो एक-दोन दिवसांचा आराम फुकट घालवायचा नसतो. मान मोकळी वळतेय तेवढ्यात व्यायाम चालू करायचा. एरवी दुखतं म्हणून व्यायाम नाही आणि व्यायाम नाही म्हणून दुखतं, यात लोक वर्षानुवर्षं अडकतात.

निवांत_कुठे

शरीराचं सगळे बोलले, मनाचं मी बोलते. मला स्नायूंचं काही नव्हतं, झोप नव्हती आणि छातीत सतत धडधड. औषधोपचार चालूच होते, त्याच्या जोडीला स्वीडिश घ्यायला लागले. पहिल्या वेळचं अजून लक्षात आहे, पालथी झोपलेले, टेबलाला तोंडापुरतं भोक असतं त्यातून खाली जमीन दिसत होती, आणि त्या बाईंनी चादरीवरूनच दोन्ही तळवे माझ्या पाठीवर ठेवले आणि काहीच केलं नाही. नुसते ठेवले. मी मनात म्हणतेय आता सुरू करा की, वेळ चाललाय. मग हळूहळू लक्षात आलं की माझा श्वास वर वर चाललाय आणि त्यांचे हात तो खाली यायची वाट बघतायत. नंतर मध्येच रडू आलं, कारण काहीच नव्हतं, त्यांनी फक्त विचारलं थांबू की चालू ठेवू. असं बऱ्याच जणांचं होतं म्हणे.

नंतर मी वाचलं की आपल्या त्वचेत एक वेगळ्याच प्रकारचे चेतातंतू असतात, सावकाश हळुवार स्पर्शाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देणारे, सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या वेगाने हात फिरला तर. म्हणजे घाईघाईत रगडणाऱ्याकडून ते सुख मिळायचंच नाही. म्हणून मी म्हणेन, प्रकार नंतर बघा, आधी माणूस सावकाश हात चालवणारा आहे का ते बघा.

अजून एक, सगळ्यांनाच अनोळखी माणसाचा स्पर्श चालत नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कपडे न काढता खुर्चीत बसून मान-खांद्यांचा मसाज मिळतो, नुसता डोक्याचा किंवा पायांचा मिळतो. आवडलं नाही तर मध्येच 'थांबा' म्हणायचा पूर्ण हक्क असतो.

चिंतेवर मसाज हाच इलाज असं मी म्हणत नाहीये हं. त्या रात्री झोप बरी लागायची एवढंच, पण ज्याची झोप उडालीय त्याला एक रात्रसुद्धा काय असते ते विचारा.

मधलं_बोट

भिंत आणि टेनिसचा बॉल! भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पाठीचा कणा आणि खांद्याचं पातं यांच्या मधल्या मांसल भागावर बॉल ठेवायचा, गुडघे वाकवत वर खाली. कण्यावर बॉल नको. दाब आपल्या हातात, फुकटात, ऑफिसातसुद्धा होतं, लोक बघतात तेवढं सोसायचं.

सावध_बरं

मंडळी, कोणाला मसाज घेऊ नये हे कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. आमच्या एका नातेवाइकांची एकच पोटरी दुखत होती, त्यांना वाटलं चालण्याने भरून आली असेल, गेले चोळून घ्यायला. तिथल्या माणसाने दोन्ही पाय शेजारी ठेवून बघितले, एक सुजलेला आणि हाताला गरम, त्याने तेलाची बाटली उघडलीच नाही, म्हणाला आधी डॉक्टरकडे जा, आत्ताच्या आत्ता. शिरेत रक्ताची गुठळी निघाली. तिथे रगडलं असतं तर गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. त्यामुळे एकाच पायाला सूज, उष्णता, दुखणं असेल तर मसाज नाही म्हणजे नाही.

ताप असेल, त्वचेला संसर्ग किंवा उघडी जखम असेल तरी नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ झाली असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि जोराचा दाब टाळा. डायबेटिसमुळे पायाची संवेदना गेलेल्यांनी हॉट स्टोन घेऊ नये, भाजलेलं कळतच नाही. गरोदरपणात आधी डॉक्टरांशी बोला आणि मसाज करणाऱ्यालाही सांगा, मग कुशीवर झोपवून, त्याचं शिक्षण घेतलेल्याकडूनच. कॅन्सर असेल तर मसाज कायमचा बंद असं नसतं, हलका चालतो, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच आणि गाठीच्या जागी हात नको. आयुर्वेदातही अजीर्ण झालेलं असताना, कफ वाढलेला असताना अभ्यंग नको असंच सांगितलंय, म्हणजे कधी नाही याचा विचार जुन्या लोकांनीही केला होता.

आणि मान धरून झटक्यात कडकन मोडणारे असतात, त्यांना सरळ नाही म्हणा. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, क्वचित होते पण झाली तर फार महागात पडते.

खुर्चीला_चिकटलेली

बापरे, एवढं सगळं! धन्यवाद सगळ्यांना. टेनिस बॉल आजच करून बघितला, गाठीपर्यंत पोचत नाही पण पात्याजवळ जे काही होतं ते जरा सुटलं. स्वीडिशच घेते आधी. पण माझा मूळ प्रश्न राहिला की, दुखतं का? आणि त्यांना सांगायचं काय नेमकं? मी गप्प बसून सोसणाऱ्यातली आहे.

पाठीचा_कैवारी

तेच तर नको. सुरू व्हायच्या आधीच सांगायचं, इथे दुखतं, कळ इथे जाते, दाब मध्यम हवाय. दुखणं शून्य ते दहा धरा, 'हां, तिथेच' असं बरं वाटणारं दुखणं पाच-सहापर्यंत चालतं, सातच्या वर गेलं की बोला. आकडा सुचत नसेल तर श्वास बघा, श्वास रोखला गेला, मुठी वळल्या, पायाची बोटं आखडली की दाब जास्त झाला. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकतं ते एक-दोन दिवसांत जातं, पण काळे-निळे डाग पडले तर ती मसाज चांगला झाल्याची खूण नव्हे, तिथे परत जाऊ नका. हाताला मुंग्या आल्या किंवा बधिरपणा वाटला तर तिथल्या तिथे थांबवायचं आणि परत डॉक्टरांना दाखवायचं.

किती वेळा म्हणाल तर सुरुवातीला आठवड्याला एकदा पुरे, महिनाभरात काहीच फरक नाही पडला तर तोच प्रकार पुढे रेटत बसू नका.

निवांत_कुठे

आणि तेल कुठलं वापरतात ते विचारून घ्या. अरोमाथेरपीतली सुगंधी तेलं कधीही तशीच त्वचेवर लावत नाहीत, साध्या तेलात अगदी थोडी मिसळतात, तरी काहींना पुरळ येतं. मला लॅव्हेंडरने आलं होतं. ते मिसळलेलं तेल कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस बघा, नाहीतर बिनवासाचंच मागा, ते बहुतेकांकडे असतं.