अर्जावरचा तो रकाना: पोलीस केस असलेल्याला कामावर घ्यावं का?

भोसरीकर
भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, बावीस माणसं. गेल्या वर्षी एक सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) ऑपरेटर घेतला. हात असा की रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, जवळजवळ थांबलं. आठ महिन्यांनी आमच्या मोठ्या गिऱ्हाइकानं सगळ्या कामगारांचे पोलिसांकडचे चारित्र्य पडताळणीचे दाखले मागितले. या पोरावर केस निघाली. एकोणिसाव्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत झालेली मारामारी, जुन्या दंडविधानाचं कलम ३२४ (घातक हत्यारानं इजा), अजून कोर्टात पडून. ऑडिटला शेरा बसला आणि मी त्याला काढलं. तो काही बोलला नाही. मायक्रोमीटर पुसून डबीत ठेवला आणि गेला. ते मला अजून सलतंय.

माझं म्हणणं: "गुन्हा दाखल आहे का?" हा रकाना अर्जावरून काढा. आधी माणसाचं काम बघा, घ्यायचं ठरलं की मग विचारा. आणि विचारायचं ते शिक्षेबद्दल, नुसत्या एफआयआरबद्दल नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ७५ टक्क्यांहून जास्त कच्चे कैदी, म्हणजे खटलाच संपलेला नाही. अमेरिकेत हवाई राज्यानं १९९८ साली हा रकाना कायद्यानं काढायला लावला. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्यानुसार ठरावीक मुदत उलटली की बऱ्याच शिक्षा बहुतेक नोकऱ्यांसाठी सांगाव्याच लागत नाहीत. आपल्याकडे खासगी नोकरीला असं काही संरक्षण नाही. येरवडा जेलच्या पंपावर आपण कैद्याकडून पेट्रोल भरून घेतो, आणि तोच सुटून दारात आला की दार लावतो.

हिंजवडी_एचआर
मला हे पटत नाही, आणि मी दगडाच्या काळजाची नाही. २००७ आणि २००९ साली याच पुण्यात कॅब ड्रायव्हरनी नोकरी करणाऱ्या मुलींचे खून केले. रात्रपाळीच्या मुलींचे आईवडील आजही मला विचारतात, गाडीवर कोण आहे, चौकशी केली का? त्यांना "आम्ही आधी त्याचं ड्रायव्हिंग बघितलं" असं सांगू का?

दुसरं, "शेवटी विचारा" यात उमेदवाराचंच नुकसान आहे. ऑफर हातात पडते, तो जुनी नोकरी सोडतो, खोली बदलतो आणि मग पडताळणीत केस निघते. असे रडणारे लोक मी समोर बसवलेत. सुरुवातीलाच विचारलं असतं तर निदान जुनी नोकरी तरी राहिली असती.

कोथरूड_सेक्रेटरी
सोसायटीच्या वॉचमनबाबत हे चालणार नाही. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सींच्या कायद्यातच गार्डची चारित्र्य पडताळणी सक्तीची आहे. एकटे राहणारे म्हातारे आहेत आमच्याकडे. बाकी कारखान्यांचं तुम्ही ठरवा.

शिवाजीनगर_वकील
सगळेजण नोंद आणि लपवाछपवी एकत्र करताहेत. सुप्रीम कोर्टानं २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात हे वेगळं केलं. प्रश्न सरकारी नोकरीचा होता. कोर्ट म्हणालं, फॉर्मवर खरंच लिहा. पण कोवळ्या वयातला किरकोळ गुन्हा लपवला म्हणून नोकरी घालवलीच पाहिजे असं नाही, मालकानं तारतम्य वापरावं. उलट खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असंही नाही.

शिवाय १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्याला त्या दोषसिद्धीमुळे अपात्रता चिकटत नाही. हे एचआरवाल्यांना ठाऊकच नसतं, आणि पोरांनाही कोणी सांगत नाही.

भोसरीकर, तुमच्या पोराचा समोरच्याशी समेट झाला असेल तर हायकोर्टात गुन्हा रद्द करून मागता येतो. विचारलंत का त्याला?

बालवाडीताई
मी पारधी वस्तीत काम करते. रकाना काढून माझ्या मुलांचं भलं होईल असं मला वाटत नाही, कारण मालक मग आडनाव आणि पत्ता बघून अंदाज बांधेल. अमेरिकेत तेच झालं. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये दोन संशोधक बायकांनी साधारण १५,००० खोटे अर्ज पाठवून पाहिलं. ज्या कंपन्यांनी रकाना काढला, तिथे गोऱ्यांना काळ्यांपेक्षा आधी ७ टक्के जास्त बोलावणी येत होती, नंतर ४३ टक्के.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं आख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण चोरी झाली की जीप अजून आधी आमच्याच वस्तीत येते. ज्याच्यावर कधीच केस नव्हती त्या पोराला "माझ्यावर काही नाही" हे कागदावर दाखवायची सोय तरी हवी. तीच तुम्ही काढून घेताय. रकाना राहू द्या, पण नकार दिला तर त्याचं कारण लिहून द्यायला लावा.

हिंजवडी_एचआर
कारण लिहून द्यायला माझी हरकत नाही. ड्रायव्हरला छेडछाडीची केस असेल तर मी उघड लिहीन. अकाउंट्सला अफरातफरीची असेल तरी लिहीन. मिरवणुकीतल्या मारामारीचं सीएनसी मशीनशी काय नातं, हे मात्र मलाही लिहिता येणार नाही.

भोसरीकर
ताई, आडनावाचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. रकाना काढा हे मी सोडतो, लेखी कारणाचं धरतो. पण मॅडम, मुलाखतीनंतर आणि ऑफर लेटरच्या आधी विचारलं तर जुनी नोकरीही जात नाही, तेवढं मात्र माझं कायम.

वकीलसाहेब, काल त्याला फोन केला. चिखलीत एका गॅरेजवर निम्म्या पगारात आहे. ज्याच्याशी मारामारी झाली तो त्याच गल्लीतला, आता दोघं एकाच ढोलपथकात आहेत. समेट कधीच झालाय, कागद कोणी केला नाही. शनिवारी दोघांना घेऊन आलो तर चालेल का?