आजोबांच्या आरामखुर्चीची १:१२ प्रतिकृती: लाकूड आणि वेतासाठी सल्ला हवा

पडवी
राजापूरचं आमचं घर मे महिन्यात उतरवणार आहेत. त्याआधी पडवीतली आरामखुर्ची बाहुलीघराच्या मापात, म्हणजे फुटाला एक इंच धरून, करायची आहे. मूळ खुर्ची काकांकडे जाईल. माझ्या दोन खोल्यांत ती मावत नाही. पाय टाकायला हातांखालून फिरवून बाहेर काढायच्या फळ्या, पाठ-बैठकीला वेत, उजव्या हातावर चहाच्या कपाचा काळपट गोल. पहिली सागवानात केली. मापं बरोबर आहेत, तरी ठोकळा वाटते. काय चुकतंय? आणि वेत कशाचा करू?

रंधा
सागच चुकतोय. खुर्ची बारा पट लहान झाली, पण सागाचे रेषे आणि छिद्रं होती तेवढीच राहिली. डोळ्याला तेच खटकतं. वखारीत हेदू मागा, काही ठिकाणी हळदू म्हणतात. घट्ट, बारीक पोताचं पिवळट लाकूड, पूर्वी कंगवे करायचे त्याचे. सागाचा रंग वरून द्या.

रंग आधी, फेविकॉल नंतर, हे मात्र विसरू नका. गोंद लागलेल्या जागी रंग मुरत नाही आणि सांध्यापाशी पांढरे डाग राहतात. माझं एक अख्खं टेबल असं वाया गेलं. वरून चपडा लाख स्पिरिटमध्ये अगदी पातळ करून हात द्या. जाड पॉलिश बसलं की कडा बुजतात.

जाडीही बघा. मूळ फळी इंचभर असेल तर तुमची जेमतेम २ मिमी हवी. बहुतेक जण इथे ३-४ ठेवतात.

सुईदोरा
वेतासाठी सुती दोरा, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला. खऱ्या विणीत दोन उभे, दोन आडवे आणि दोन तिरके पदर असतात. खऱ्या खुर्चीत भोकांमधलं अंतर साधारण अर्धा इंच, म्हणजे तुमच्याकडे १ मिमी. तेवढ्यात लाकूड रेषेवर फाटतंच. मी दीड मिमी ठेवते. इथे प्रमाण सोडलेलं कुणाच्या लक्षात येत नाही. भोकं चौकट कापायच्या आधी पाडा, मागे कागद चिकटवून.

मिशिगनकाठ
शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नार्सिसा थॉर्न यांनी करून घेतलेल्या ६८ खोल्या आहेत, बहुतेक याच मापाच्या, १९३२ ते १९४० मधल्या. मी दरवेळी तिथे रेंगाळते. वस्तू वापरातली वाटली की खोली जिवंत होते. तुमचा चहाचा गोल अजिबात सोडू नका! कपाचा बूड अडीच इंच धरला तर ५ मिमी. स्ट्रॉचं टोक गडद रंगात बुडवून एकदाच टेकवा, तेही गोल अर्धवट उमटेल असं. हात टेकून गुळगुळीत झालेली कड पॉलिशपेपरने थोडी गोल करा.

पडवी
सगळ्यांचे मनापासून आभार. लहानपणी सावंतवाडीच्या भातुकलीत पोळपाट आणि कपाट एकाच उंचीचे असले तरी चालायचे, म्हणून जाडीकडे माझं लक्षच गेलं नाही. शनिवारी राजापूरला जातेय. फळ्यांच्या कडा आणि भोकांतलं अंतर पट्टी लावून मोजते, कपाच्या गोलावर कागद ठेवून तो गिरवून घेते. रंधा, फिरत्या फळीच्या खिळीला पितळी तार किती जाडीची घेऊ?

रंधा
०.८ मिमी. आणि मोजताना खुर्ची उलटी करून खालून फोटो काढा. सांधे तिथेच कळतात.