सल्ला हवा: मणक्याच्या जुन्या फ्रॅक्चरनंतर मागे लागलेली कंबरदुखी

गवतीचहा:
२०१५ च्या पावसाळ्यात नवऱ्यामागे स्कूटरवर बसले होते. खड्डा पाण्याने भरलेला, दिसलाच नाही. मी पडलेसुद्धा नाही, सीटवरून उडाले आणि परत सीटवरच आदळले. तेवढ्यानं कमरेचा पहिला मणका (एल१) दबला. तीन महिने पट्टा बांधला, हाड जुळलं.

आता मी ४९ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. लागोपाठ तास असले की चौथ्या तासाला टेबल धरून उभी असते. सकाळी कंबर आखडलेली, संध्याकाळी रग. महिन्या-दीड महिन्यातून एकदा उसण भरते, मग दोन दिवस गेले. पट्टा अजून रोज बांधते. खाली बसणं, वाकणं सोडलंय. यंदा गौरी-गणपतीची आरास जावेनं केली, मी खुर्चीतून हुकूम सोडत होते.

मागच्या महिन्यात नवा एमआरआय काढला. 'एल४-एल५ डिस्क बल्ज, झीज' असं आलंय, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती बाहेर फुगलीय. डॉक्टर म्हणाले, "सांभाळून राहा." दहा वर्षं दुसरं काय करतेय? पट्टा, गादी, कटिबस्ती, फिजिओ, अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा. सातारा शहरात राहते.

शेवंता_७१:
निर्गुडीचा पाला गरम करून शेक घे. डिंकाचे लाडू खा. आणि गादी काढून टाक, फळीवर झोप. आमच्या सासऱ्यांनी जन्मभर फळी सोडली नाही.

तिसरीघंटा:
फळीला विरोध! मीही सहा महिने झोपलो, कमरेबरोबर खांदेही धरले. स्पेनमध्ये ३१३ कंबरदुखीवाल्यांवर गाद्यांची चाचणी झाली होती, २००३ साली. त्यात कडकपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. लाडवांबद्दल काही म्हणणं नाही, पत्ता द्या.

पायवाट:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय इथून निदान करणार नाही, पण काही गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी हे बघा: लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं. यातलं एकही असेल तर धागा बंद करा आणि तातडीने दवाखाना गाठा. ताप, विनाकारण घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तरीही थांबू नका.

ते नसेल तर एमआरआयच्या कागदाला एवढं भिऊ नका. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन एकत्र करून पाहिलेत. विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांत डिस्क बल्ज निघाली. तुमच्या वयात ती निघणं म्हणजे केस पिकण्यासारखं आहे. तुमचं दुखणं खरं आहे, पण ते त्या बल्जचंच आहे असं कागद सांगत नाही.

मला खटकतंय ते वेगळंच. सीटवर आपटून मणका दबला, तेही चाळिशीच्या आत! हाडांची घनता कधी मोजली होती का? डेक्सा म्हणतात त्याला. पाळी जायच्या वयात तर करायलाच हवी. उंचीही मोजून बघा, कमी झालीय का.

पट्टा: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) दोन्ही सरसकट वापरू नका असंच आहे. एकदम फेकू नका. आधी घरात काढा, मग पहिल्या दोन तासांना. आणि ओट्याशी उभं राहताना एक पाय पाटावर ठेवा, थोड्या वेळाने पाय बदला. वर्गातही फळ्याखालची पायरी याच कामाची.

फिजिओ निवडताना एकच कसोटी: पहिल्या भेटीत तुम्हाला वाकवून, उठवून, चालवून पाहतो का? नुसतं मशीन लावून अर्ध्या तासानं "उद्या या" म्हणणाऱ्याकडे पैसे घालवू नका.

आडवा_डोंगर:
कटिबस्ती दोनदा केली. कमरेवर उडदाच्या पिठाचं पाळं करून त्यात कोमट तेल ओततात. झोप अशी लागते की काय सांगू. पंधरा दिवस छान गेले, मग पहिले पाढे पंचावन्न. मला फरक पडला तो चालण्यानं. ऑस्ट्रेलियात दुखणं नुकतंच ओसरलेल्या ७०१ जणांची चाचणी झाली. चालणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते पुन्हा उलटायला २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांपैकी निम्म्यांना ११२. सुरुवात दहा मिनिटांनी करा, अजिंक्यताऱ्याचा चढ पहिल्या दिवशी नको.

मोकळाश्वास:
योग करा ना! रोज बारा सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन, हलासन. औषध लागत नाही.

पायवाट:
@मोकळाश्वास, यांना हे सांगू नका. मणका दबलेला आहे आणि हाडं किती भरीव आहेत ते माहीत नाही. अशा वेळी पुढे जोरात वाकण्याची आसनं मणक्याच्या पुढच्या भागावरच भार टाकतात, तोच भाग दबलेला असतो. पाठ सरळ ठेवून, कमरेऐवजी मांडीच्या सांध्यातून वाकायला शिका. व्यायाम डेक्सा बघून ठरवू.

गवतीचहा:
सगळ्यांचे आभार. वरच्या धोक्याच्या खुणांपैकी काही नाही. उंची पावणेदोन सेंटिमीटर कमी निघाली, मला वाटलं नवऱ्यानं चुकीची मोजली.

गवतीचहा (तीन आठवड्यांनी):
डेक्सा झाली. टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे २.७, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. दहा वर्षांत एकाही डॉक्टरनं हे तपासायला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. आता हाडांची औषधं, ड जीवनसत्त्वाची तपासणी, सगळं सुरू. फिजिओ मिळाल्या, पहिल्याच दिवशी त्यांनी मला खुर्चीवरून दहा वेळा उठवून बसवलं. पट्टा आता फक्त एसटीच्या प्रवासात. मागच्या आठवड्यात उसण भरली, पण दुसऱ्या दिवशी घरातल्या घरात चालले. पूर्वी आडवी पडायचे.

शेवंता मावशी, निर्गुडी मिळाली. पाला वाफवायचा की तव्यावर?

शेवंता_७१:
तव्यावर. तेलाचा हात लाव आणि फडक्यात गुंडाळ, उघडा ठेवू नकोस, कातडी भाजते.