पुरात भिजलेली सागवानी पेटी: शालू आणि घोंगडं ठेवता येईल का?

गावभाग_सांगली: सासूबाईंची सागवानी पेटी आहे, पितळी कडी-कोयंडा, अजून भक्कम. २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी खालच्या खोलीत शिरलं तेव्हा ती पूर्ण भिजली होती, नंतर माळ्यावर टाकली ती टाकलीच. आता उघडली तर कुबट वास, आणि तळाशी बारीक भोकं नि पिवळसर भुकटी. मला तिच्यात लग्नाचा शालू, दोनचार रेशमी साड्या आणि सासऱ्यांचं लोकरीचं घोंगडं ठेवायचंय. सुतार म्हणतो आतून ऑइल पेंट मारा नि डांबरगोळ्या टाका. घरात तान्हं बाळ आहे, गोळ्या नको वाटतात. काय करावं?

वाईचा_मिस्त्री: ताई, आधी भुकटी बघा. सगळी झाडून खाली काळा कागद पसरून ठेवा, काही दिवसांनी ताजी भुकटी पडली तर भुंगा जिवंत आहे. तसं असेल तर बोरॅक्स गरम पाण्यात विरघळवून उघड्या लाकडावर ब्रशनं लावा, पेटी पूर्ण वाळू द्या, मग भोकं मेणानं बुजवा. आत ऑइल पेंट अजिबात नको, वास कित्येक दिवस जात नाही आणि तोच कपड्यात बसतो. तेलही नको, साडीला डाग पडतील. पॉलिश पेपर मारून पातळ लाखेचं पॉलिश करा, स्पिरिट उडून जातं, लाकूड बंद होतं. बाहेरून काय हवं ते करा. आणि पावसाळ्यात हे काम काढू नका, सांगलीच्या दमट हवेत काही वाळत नाही.

माणदेशी_धनगर: घोंगड्याला लागते ती कसर. उडणारा पाखरू काही खात नाही, खाते ती त्याची अळी, तिला लोकर, रेशीम, केस असलंच लागतं, आणि घामाचा नि अन्नाचा डाग असला की जास्तच. म्हणून घोंगडं कडक उन्हात टाका, घड्या उलगडून ब्रशनं झाडा, मगच पेटीत. आमच्याकडं म्हसवड भागात म्हातारी माणसं घोंगडं मधूनमधून उन्हाला काढायचीच, वर्षभर दाबून ठेवायची नाहीत. कोपऱ्याच्या फटींत अंडी नि अळ्या लपतात तिथं व्हॅक्यूम फिरवा.

गावभाग_सांगली: @माणदेशी_धनगर शालू पण उन्हातच का?

रेशीमवाली_सातारा: नाही नाही, रेशमाला थेट ऊन नको, रंग उडतो, सावलीत वारं द्या. आणि डांबरगोळ्यांबद्दल तुमची शंका बरोबर आहे, जी६पीडी (तांबड्या रक्तपेशींना जपणारं विकर) जन्मतःच कमी असलेल्या तान्ह्या बाळाला नॅप्थॅलिनच्या वासाचे कपडे गुंडाळले तर रक्तपेशी फुटून कावीळ वाढते, हे डॉक्टरही सांगतात, त्यामुळे बाळाच्या खोलीत तरी ठेवूच नका. कापूर आणि डांबरगोळ्या एकत्रही नको, दोन्ही मिळून पातळ होतात नि डाग पडतो. वेखंडाची किंवा कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याची पुरचुंडी ठेवा पण तिच्यावर भरवसा नको, वास गेला की संपलं. खरा उपाय स्वच्छ कपडा नि घट्ट झाकण. पेटीत धुतलेला मांजरपाट अंथरा, शालू त्यातच गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नाही, ओल अडकून जरीची तार काळी पडते. घड्या दर काही महिन्यांनी बदला, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते.

अन् कुठल्या साडीवर अळी दिसलीच तर पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना आठवडा-दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आत दव धरतं.

वाईचा_मिस्त्री: झाकण बसतं का ते पण तपासा, कागदाची पट्टी मध्ये धरून झाकण लावा, सहज ओढली गेली तर फट आहे. तिथं आतून फेल्टऐवजी सुती पट्टी चिकटवा, लोकरी फेल्ट तर कसरीलाच आवडतं.