घरचा वजनकाटा फेकून द्यायचा का?

काटेकोर:
"घरचे डिजिटल काटे खोटारडे असतात, फेकून द्या," असं काल कुणीतरी ठणकावून लिहिलं. राहवलं नाही म्हणून उत्तर देतोय. वजन आणि चरबी या दोन गोष्टींची त्यात सरमिसळ झालीय. वजन मोजतात काट्यातले लोड सेल, म्हणजे दाब ओळखणारे सेन्सर. काटा सपाट फरशीवर असेल तर ते काम चोख होतं. गालिच्यावर ठेवून वर त्यालाच दोष देऊ नका. चरबीचा मात्र अंदाजच असतो. तळपायांतून बारीकसा वीजप्रवाह सोडायचा, किती अडला ते बघायचं आणि तुम्ही भरलेलं वय, उंची, लिंग सूत्रात घालायचं. प्रवाह मुख्यतः पायांतूनच फिरतो, पोट त्याला नीट कळतच नाही.

पायपीट:
मग फेका म्हणणाऱ्याचं काय चुकलं? मी 'ॲथलीट' मोड लावला आणि चरबी २७ वरून २१ टक्क्यांवर आली. दोन मिनिटांत! याला मोजमाप म्हणता?

काटेकोर:
एका आकड्याला धरून बसू नका. रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा. आठवड्याची सरासरी काढा.

सावकाश:
'रोज' म्हणू नका हो. दोन वर्षं मी रोज काट्यावर चढले. ८०० ग्रॅम जास्त दिसले की दिवसभर उपास. एकदा माझी नऊ वर्षांची मुलगी काट्यावरून उतरली आणि म्हणाली, "आज मी जेवणार नाही." त्याच दिवशी काटा कपाटात गेला.

काटेकोर:
८०० ग्रॅम चरबी चढायला सहा हजारांवर कॅलरी जादा खाव्या लागतील. एका रात्रीत चढतं ते पाणी. खारट खाणं, पाळीच्या आधीचे दिवस; शिवाय ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातली राखीव साखर, साठतं तेव्हा ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. हे समजलं की भीती उरत नाही.

सावकाश:
मला हे तेव्हाही माहीत होतं. भीती उरली. तुमच्या गणितात माझी मुलगी कुठे बसते?

पायपीट:
त्यांच्यावर गणित कशाला लादताय? आणि वजनाचंही ऐका. माझा काटा आधीचा आकडा लक्षात ठेवतो. पेलाभर पाणी पिऊन लगेच चढलो, तर ग्रॅमचाही फरक नाही. लिटरभराची बाटली हातात घेतली तेव्हा कुठे हलला.

निवांत:
मी डेक्सा स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी मोजणारी तपासणी, करून घेतला. काट्यावर २४ टक्के, स्कॅनमध्ये ३१. वर्षभर मी त्या २४ वर खूश होतो. आणि पेसमेकर असलेल्यांनी चरबी मोजणाऱ्या काट्यावर चढूच नये, हे कुणीच का लिहीत नाही?

काटेकोर:
पेसमेकरचं मी आधीच लिहायला हवं होतं. चरबीचा आकडा टक्क्यापर्यंत खरा मानू नये, हेही मान्य. वजनाबाबत मी ठाम आहे. 'रोज' मात्र ज्यांना त्याचा त्रास होतो त्यांच्यापुरतं मागे घेतो.

सावकाश:
'त्यांच्यापुरतं' का होईना. काटा कपाटातच राहील. महिन्यातून एकदा फितीने कंबर मोजते, तीही मुलगी शाळेत गेल्यावर.