मदत हवी आहे: पाच धातूंच्या अलॉयमधून कॉपर वेगळं पडतंय

रसायन_रात्रपाळी: नमस्कार मंडळी, पार अडकलेय आणि परवा गाईडना रिझल्ट दाखवायचाय. पाण्यातून हायड्रोजन काढायच्या कॅटॅलिस्टसाठी (क्रिया वेगवान करणाऱ्या पदार्थासाठी) आयर्न, कोबाल्ट, निकेल, कॉपर, मॉलिब्डेनम असे पाचही धातू एकाच नॅनोकणात हवेत, पण एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या चाचणीत) ४३.३ आणि ५०.४ अंशांवर कॉपरचे वेगळे पीक (आलेखातली टोकं) सरळसरळ दिसतात, चुंबक लावला की काळी पावडर ओढली जाते नि तळाला तांबूस गाळ उरतो. काय करू?

निकेलप्रेमी: पावडर बनवली कशी ते सांगा की आधी! माझं ऐकाल तर पाच धातूंचा नाद सोडा, निकेल फोमवर निकेल-मॉली (मॉलिब्डेनम) बसवा, अल्कलीत मस्त चालतं, स्वस्तही पडतं.

रसायन_रात्रपाळी: नेहमीसारखीच, पाण्यात धातूंचे सॉल्ट्स, त्यांचा धातू बनवायला बोरोहायड्राइड थेंबथेंब, मग आर्गॉनमध्ये ६०० डिग्री. विषय नाही बदलता येणार, सिनॉप्सिस गेलाय.

भट्टीवाला: थेंबथेंब, तिथेच गोची आहे. सॉल्टचा धातू बनण्याचं पोटेन्शियल (जितकं जास्त तितकं सोपं) कॉपरचं +०.३४ व्होल्ट, निकेलचं -०.२५, आयर्नचं -०.४४, म्हणजे हळूहळू टाकलं की कॉपर सगळ्यात आधी खाली बसणार. मॉली तर पाण्यात बोरोहायड्राइडने धातूपर्यंत येतच नाही. त्यात आयर्न नि कॉपरचं जमत नाही, भट्टी सावकाश थंड केलीत तर मिसळलेलंही फुटतं. २०१८ चं कार्बोथर्मल शॉकचं काम वाचा, साधारण २००० केल्विनपर्यंत क्षणात तापवून लगेच थंड करायचं, धातूंना वेगळं व्हायला वेळच मिळत नाही.

निकेलप्रेमी: कॉलेजच्या लॅबमध्ये हे कोण करून देणार? उगाच काहीतरी सांगू नका.

भट्टीवाला: कार्बन कापडावर सॉल्ट सुकवून करंटचा झटका द्यायचा, रॉकेट नाही बनवायचंय.

गच्चीवरचा_सोलर: हा हायड्रोजन घरच्या शेगडीला चालेल का? आमच्याकडे पॅनल आहेत.

इलेक्ट्रो_आजोबा: ते राहू द्या, ताई, टेस्टमध्ये काउंटर इलेक्ट्रोड (कॅटॅलिस्टच्या समोरचा दुसरा इलेक्ट्रोड) कुठला लावलाय?

रसायन_रात्रपाळी: प्लॅटिनमची तार, सगळे तीच लावतात ना?

इलेक्ट्रो_आजोबा: काढा ती. रात्रभराच्या टेस्टमध्ये प्लॅटिनम थोडं थोडं विरघळून तुमच्या कॅटॅलिस्टवर येऊन बसतं, मग आकडे प्लॅटिनमचे आणि नाव अलॉयचं. ग्राफाइट रॉड लावा.

रसायन_रात्रपाळी: रॉड आहे, लावते. पण कॉपर काढूनच टाकलं तर?

निकेलप्रेमी: काढाच!

भट्टीवाला: मग हाय-एन्ट्रॉपी अलॉय (अनेक धातू जवळपास समान प्रमाणात मिसळलेला) म्हणता येणार नाही. पाच धातू समान असले तर मिक्सिंग एन्ट्रॉपी (मिसळण्याने येणारी अव्यवस्था) १.६१ आर (आर म्हणजे गॅस कॉन्स्टंट), चार राहिले की १.३९, आणि नेहमीची हद्द १.५ ची. सिनॉप्सिसमध्ये तो शब्द असेल तर आधी गाईडना विचारा.